सेंद्रिय खाण्याचा फायदा नेमका कुठून येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्षभरापासून घरात पीठ, डाळी, गूळ, तेल, भाजी असे जमेल ते सारे सेंद्रिय येऊ लागले आणि किराण्याचा खर्च जवळजवळ दीडपट झाला. यजमानांची साखर मात्र होती तशीच सीमारेषेवर आहे. मुलांच्या डब्यात आणि न्याहारीत सेंद्रिय म्हणून विकली जाणारी बिस्किटे व दुधात घालून खायचे कुरकुरीत तयार पदार्थ असतात, धाकटी बहीण गर्भवती आहे, आणि या साऱ्या खर्चातून आरोग्याच्या दृष्टीने हाती काय लागते हे तुम्हाला समजून घ्यायचे आहे. आहारतज्ज्ञ म्हणून पंचवीस वर्षे काम करताना हा प्रश्न माझ्यासमोर अनेक घरांतून आला आहे. सेंद्रिय अन्नाच्या बाजूने मी मनापासून आहे. तरीही तुमच्या घरात आज ज्या क्रमाने पैसे खर्च होत आहेत तो क्रम मला उलटा वाटतो, आणि का वाटतो ते नीट सांगायला थोडी जागा लागेल.

‘सेंद्रिय’ हा शब्द पीक कसे वाढवले एवढेच सांगतो: रासायनिक खते व कृत्रिम कीटकनाशके टाळली, शेणखत, हिरवळीचे खत, निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क यांवर भर दिला, पिकांची फेरपालट केली. शेतातून निघालेल्या त्या धान्याचे पुढे कारखान्यात काय झाले याबद्दल हा शब्द जवळजवळ काहीच बोलत नाही. सेंद्रिय गव्हाचा मैदा होतो, सेंद्रिय उसाची साखर होते, आणि दोन्ही एकत्र करून भाजले की सेंद्रिय बिस्किट होते. तुमच्या मुलाच्या आतड्यात पोहोचल्यावर ते बिस्किट साध्या बिस्किटाइतक्याच वेगाने रक्तातली साखर वाढवते. म्हणून ‘सेंद्रिय विरुद्ध कारखान्यातले’ अशी जी एकच तुलना आपण करतो, तिच्यात खरे तर दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत.

आधी प्रक्रियेबद्दल. प्रक्रिया म्हटली की ती वाईटच, असे मुळीच नाही. गिरणीत ज्वारी दळणे, दूध विरजणे, डाळ-तांदूळ आंबवणे, नाचणीचे आंबील करणे, उन्हाळ्यात सांडगे वाळवणे या साऱ्या प्रक्रियाच आहेत, आणि त्यांतल्या कित्येक अन्न अधिक पचनीय करतात. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेरो आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ पासून अन्नाची जी वर्गवारी मांडली, ती या बाबतीत मला फार उपयोगी वाटते. पहिल्या गटात मूळ रूपातले किंवा किरकोळ प्रक्रिया केलेले अन्न येते: धान्य, डाळी, भाज्या, फळे, दूध, अंडी, मासे. दुसऱ्यात तेल, तूप, साखर, मीठ, गूळ हे स्वयंपाकाचे साहित्य, तर तिसऱ्यात लोणचे, पनीर, साधा पाव यांसारखे, पहिल्या दोन गटांच्या मिश्रणातून बनलेले पदार्थ येतात. चौथ्या गटात ‘अतिप्रक्रियायुक्त’ पदार्थ येतात. धान्याचे तुकडे करून त्यातून स्टार्च, प्रथिने, तेल वेगळे काढायचे, मग स्वाद, रंग, पायसीकारक (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारे द्रव्य), गोडी आणणारे द्रव्य घालून त्यांची पुन्हा जुळवणी करायची, अशी त्यांची घडण असते. घरच्या फडताळात ज्यातले निम्मे घटक कधीच नसतात, ते पदार्थ बहुधा याच गटातले असतात.

या गटाविषयीचा सर्वांत बोलका पुरावा २०१९ मध्ये अमेरिकेतून आला. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल यांनी २० जणांना चार आठवडे रुग्णालयाच्या आवारातच ठेवले. प्रत्येकाला दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त जेवण आणि दोन आठवडे साध्या, ताज्या घटकांचे जेवण दिले. समोर मांडलेल्या दोन्ही जेवणांत उष्मांक, साखर, स्निग्धांश, तंतू आणि मीठ यांचे प्रमाण सारखे राखले होते, आणि ‘हवे तितके खा’ एवढीच सूचना होती. अतिप्रक्रियायुक्त जेवणाच्या काळात ती माणसे दिवसाला सरासरी सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे ०.९ किलोने वाढले, आणि साध्या जेवणाच्या दोन आठवड्यांत जवळजवळ तेवढेच उतरले. माणसे थोडी होती आणि काळ लहान होता हे खरे, पण हा प्रत्यक्ष प्रयोग होता. केवळ प्रश्नावली भरून घेऊन केलेल्या पाहणीपेक्षा त्याचे वजन मला जास्त वाटते.

असे का होते? एक कारण खाण्याच्या वेगात आहे. ज्वारीची भाकरी चावावी लागते, अख्खी मटकी चावावी लागते. चावण्यात वेळ जातो आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला सवड मिळते. कारखान्यात दाब आणि उष्णता देऊन फुगवलेला दाणा जिभेवर ठेवताच विरघळतो. दुसरे कारण दाण्याच्या रचनेत आहे. अख्ख्या हरभऱ्यात स्टार्च पेशींच्या भिंतींमध्ये बंदिस्त असतो आणि पाचक रस त्याच्यापर्यंत हळूहळू पोहोचतात. ती भिंत कारखान्यात मोडली की तोच स्टार्च झपाट्याने ग्लुकोज होतो. तिसरे म्हणजे मीठ, साखर आणि स्निग्धांश यांची अशी सांगड, जी निसर्गातल्या कोणत्याही एका पदार्थात सहसा आढळत नाही. पायसीकारकांबद्दलही अभ्यास चालू आहेत. २०१५ मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात दोन सर्रास वापरल्या जाणाऱ्या पायसीकारकांमुळे आतड्यातील जिवाणूंचा समतोल बिघडून सौम्य दाह निर्माण झाल्याचे दिसले. उंदरांवरून माणसांविषयी थेट निष्कर्ष काढू नये, पण रोज दोन वेळा पाकिटातले खाणाऱ्या मुलांच्या बाबतीत सावध राहायला तेवढे पुरेसे आहे, असे माझे मत आहे.

भारतात ही बाब किती निकडीची झाली आहे तेही पाहा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तुमचे यजमान या दुसऱ्या गटात मोडतात. त्यांची साखर एका वर्षाच्या सेंद्रिय खाण्याने खाली आली नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही, कारण बदलला तो धान्याचा उगम. ताटातले धान्य, त्याचे प्रमाण आणि चहासोबतचे पाकीट होते तसेच राहिले.

तुम्ही सेंद्रिय गुळाबद्दल खास विचारले आहे. गूळ चांगल्या पद्धतीने केलेला असावा हा आग्रह योग्यच आहे. गुऱ्हाळात काहिलीतल्या रसाची मळी काढण्यासाठी भेंडीचे पाणी वापरण्याची जुनी रीत आहे, पण बाजारात पिवळाधमक गूळ उठून दिसतो म्हणून रंग उजळवायला हायड्रॉससारखी रसायनेही वापरली जातात. गडद तपकिरी, थोडा मऊसर गूळ घेतला तर ते बऱ्याच अंशी टळते. परंतु गूळ सेंद्रिय असला तरी तो बहुतांश साखरच आहे, आणि एका कप चहातल्या गुळातून मिळणारे लोह नगण्य असते. यजमानांना ‘गुळाचा चहा चालतो’ असे कुणी सांगितले असेल तर तो समज कृपया दूर करा. मी असे अनेक रुग्ण पाहिले आहेत ज्यांनी साखर सोडली, गूळ दुप्पट केला, आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा वाढलेला पाहून ते गोंधळून गेले.

आता सेंद्रिय पिकाबद्दल. त्यात जीवनसत्त्वे आणि खनिजे जास्त असतात का? २०१२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तोवरचे दोनशेहून अधिक अभ्यास तपासले आणि पोषकद्रव्यांच्या बाबतीत सेंद्रिय अन्न सरस असल्याचा भक्कम पुरावा आढळत नाही, असे म्हटले. २०१४ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने ३४३ शोधनिबंधांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात सेंद्रिय पिकांत काही प्रतिऑक्सिडीकारक (अँटिऑक्सिडंट) द्रव्ये जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी आढळला. माझा व्यावहारिक निष्कर्ष असा, की पोषणातला फरक असलाच तर तो लहान आहे. दोन दिवस फ्रिजमध्ये पडलेल्या सेंद्रिय पालकापेक्षा आज सकाळी तोडलेला साधा पालक मला अधिक मोलाचा वाटतो.

खरा आणि सर्वांत स्पष्ट फरक आहे तो कीटकनाशकांच्या उर्वरित अंशांचा, आणि याच मुद्द्यावर मी सेंद्रिय अन्नाची बाजू ठामपणे घेते. वर सांगितलेल्या दोन्ही आढाव्यांत साध्या पिकांवर हे अंश सेंद्रिय पिकांपेक्षा कितीतरी अधिक वेळा सापडले. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २३ शाळकरी मुलांचे नेहमीचे जेवण काढून पाच दिवस सेंद्रिय जेवण दिले गेले, तेव्हा मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉस या दोन कीटकनाशकांच्या खुणा त्यांच्या लघवीतून लगोलग जवळजवळ नाहीशा झाल्या, आणि नेहमीचे जेवण सुरू होताच परत आल्या. म्हणजे रोजच्या जेवणातून ही द्रव्ये शरीरात येतात आणि जेवण बदलले की कमी होतात, एवढे नक्की. त्या अल्प मात्रेने दीर्घकाळात किती अपाय होतो, हा पुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. फ्रान्समध्ये जवळजवळ ६९ हजार लोकांच्या २०१८ च्या पाहणीत सर्वाधिक सेंद्रिय खाणाऱ्यांमध्ये कर्करोगाचे प्रमाण सुमारे २५ टक्के कमी दिसले. उलट ब्रिटनमध्ये सहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कर्करोगाच्या एकूण प्रमाणात अशी घट दिसली नाही. सेंद्रिय घेणारी माणसे बहुधा अधिक सुस्थितीतली, व्यायाम करणारी आणि भाज्याही जास्त खाणारी असतात, त्यामुळे श्रेय नेमके कशाला द्यायचे हे अशा पाहण्यांतून पूर्ण उलगडत नाही. ‘सेंद्रिय खा, कर्करोग टाळा’ असे आश्वासन मी कोणालाही देत नाही.

मात्र या रसायनांचा अपाय ज्यांच्या बाबतीत निर्विवाद आहे, त्या माणसांचा विचार आपल्या आरोग्याच्या हिशेबात क्वचितच येतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे एन्डोसल्फान हे कीटकनाशक फवारले गेले, तिथल्या कुटुंबांनी त्याचे परिणाम भोगले, आणि अखेर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधावर देशभर बंदी घातली. फवारणी करणाऱ्याच्या अंगावर आणि श्वासात जी मात्रा जाते, ती आपल्या ताटात येणाऱ्या मात्रेच्या कित्येक पट असते. माझ्या मते सेंद्रिय अन्नासाठी चार पैसे जास्त मोजण्याचे हे सर्वांत बळकट कारण आहे, जरी त्याचा लाभ आपल्या घरच्या रक्ततपासणीत दिसणार नसला तरी.

आता पैशांच्या क्रमाकडे येते. पहिल्या महिन्यात सेंद्रिय बिस्किटे, सेंद्रिय न्याहारीचे पाकीट, सेंद्रिय नूडल्स, सेंद्रिय सरबत हे सारे बंद करा. तुमच्या वाढीव खर्चाचा मोठा हिस्सा बहुधा इथेच मोकळा होईल. त्या जागी थालीपीठ, नाचणीचे सत्त्व किंवा आंबील, मोड आलेल्या मटकीची उसळ, शेंगदाणे-फुटाणे, उकडलेले अंडे, फळ असे काही येऊ द्या. मुले आठ-दहा दिवस कुरकुर करतील, पण जीभ सवय बदलते. पाकीट घ्यावेच लागले तर मागची बाजू वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते, त्यामुळे पहिल्या तीन नावांत मैदा, साखर, पाम तेल असेल तर पुढे नाचणी किंवा ओट्सचे चित्र कितीही मोठे छापलेले असले तरी आत काय आहे ते कळते. माल्टोडेक्स्ट्रिन, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप ही साखरेच्याच घराण्यातली नावे आहेत.

मोकळ्या झालेल्या पैशांतून मग निवडक सेंद्रिय माल घ्या. ज्यांच्यावर फवारे जास्त पडतात आणि जे आपण सालासकट किंवा पानासकट खातो, तिथे तो खर्च सार्थकी लागतो: पालेभाज्या, कोबी, फ्लॉवर, ढोबळी मिरची, हिरवी मिरची, टोमॅटो, वांगी, द्राक्षे. नारळ, फणस, सुरण, कांदा, केळी यांची जाड साल किंवा बाहेरचे आवरण आपण काढून टाकतो, तिथे साधा माल चालेल. नाचणी आणि वरी ही पिके डोंगराळ भागात पुष्कळदा फारशा फवारणीविनाच होतात, म्हणून त्यांच्या महागड्या पाकिटांचा अट्टाहास नको. ओळखीच्या माणसाकडून आलेली साधी नाचणी उत्तम. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे, करटोली बाजारात येतात, तेव्हा त्या अवश्य घ्या. कुणीही न पेरता, न फवारता उगवलेल्या या रानभाज्या आहेत. शेवळे मात्र चिंच किंवा काकड या रानफळासारख्या आंबटासोबत, रीतीप्रमाणेच शिजवावीत, नाहीतर घशाला खाज येते.

पाकिटावरच्या ‘सेंद्रिय’ शिक्क्याबद्दल तुम्हाला शंका आहे आणि ती रास्त आहे. भारतात राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ पासून सुरू आहे. त्याखेरीज शेतकरी गटांनी एकमेकांच्या शेतांची तपासणी करून द्यायची सहभागी हमी पद्धतही आहे. २०१७ च्या नियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटावर या दोहोंपैकी एका पद्धतीचे प्रमाणन लागते आणि ‘जैविक भारत’ हे चिन्ह असते. ‘नैसर्गिक’, ‘शेतावरचे’, ‘रसायनमुक्त’ या शब्दांना तसा आधार नाही. लहान शेतकरी थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राच्या अटीतून सूट आहे, म्हणून चिन्ह नाही एवढ्यावरून त्याला खोटे समजू नका. त्याला प्रश्न विचारा: किती वर्षांपासून रसायने सोडली, शेजारच्या शेतातला फवारा आणि पाणी कसे अडवता, अळी पडली तेव्हा काय केले, यंदा कोणते पीक गेले. पीक कधीच जात नाही, अळी कधीच पडत नाही असे सांगणाऱ्यापेक्षा नुकसान सांगणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवते. हंगामी पिकांच्या जमिनीला सेंद्रिय दर्जा मिळण्यापूर्वी दोन वर्षांचा आणि फळबागांना तीन वर्षांचा रूपांतरकाळ जावा लागतो, हेही लक्षात असू द्या.

काही सावधगिरी सेंद्रिय मालाबाबतही हवी. शेणखत आणि जीवामृत (शेण-गोमूत्राचे आंबवलेले द्रावण) वापरलेल्या शेतातली कोथिंबीर, मुळा, काकडी कच्ची खायची असेल तर ती वाहत्या पाण्याखाली अधिकच नीट चोळून धुवावी, कारण सेंद्रिय म्हणजे निर्जंतुक नव्हे. साध्या भाज्यांनाही हीच रीत लावा. अमेरिकेतील एका अभ्यासात सफरचंदे खाण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणात १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर सालीवरची दोन कीटकनाशके बऱ्याच अंशी निघून गेली होती. मात्र जे औषध झाडाच्या रसात भिनते ते कोणत्याही धुण्याने निघत नाही. शेंगदाण्याच्या घाण्याच्या तेलाबद्दल तर मी प्रत्येकाला सांगते, की दाणे ओलसर, काळपट, बुरशीचा वास येणारे असतील तर त्यात अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष असू शकते. रिफाइंड तेलाच्या शुद्धीकरणात ते बहुतांशी निघून जाते, घाण्यात तसे काही होत नाही. म्हणून घाणा सेंद्रिय आहे का, यापेक्षा दाणे कसे वाळवले आणि कुठे साठवले हे आधी पाहा. आणि ‘सगळे नैसर्गिक’ करण्याच्या उत्साहात आयोडीनयुक्त मीठ सोडून सैंधवावर जाऊ नका. थायरॉईडला लागणारे आयोडीन त्यातून पुरेसे मिळत नाही.

हा शेवटचा मुद्दा तुमच्या बहिणीसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण गर्भाच्या मेंदूच्या वाढीला आयोडीन अत्यावश्यक असते. तिच्यासाठी मात्र मी सेंद्रिय खर्चाचा हात सैल सोडेन. कॅलिफोर्नियातील शेतीप्रधान भागात झालेल्या एका दीर्घ अभ्यासात, गर्भारपणी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांचा सर्वाधिक संपर्क आलेल्या मातांच्या मुलांचा बुद्ध्यंक सातव्या वर्षी, सर्वांत कमी संपर्क असलेल्यांच्या तुलनेत सरासरी ७ गुणांनी कमी आढळला. ती कुटुंबे शेतमजुरीशी निगडित होती, शहरातल्या स्त्रीचा संपर्क इतका नसतो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. घरात झुरळ-ढेकणांसाठी फवारा मारणे या नऊ महिन्यांत टाळणे आणि पालेभाज्या व द्राक्षांसारखी फळे शक्यतो सेंद्रिय घेणे, एवढी काळजी पुरे. सेंद्रिय भाजी मिळाली नाही म्हणून तिने भाजीच कमी खाल्ली, असे मात्र कदापि होऊ देऊ नका. भीतीपोटी मेथी-पालक सोडून चहा-टोस्टवर दिवस काढणाऱ्या गर्भवती मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या हिमोग्लोबिनचे आकडे पाहून मला फार वाईट वाटले आहे. तिला बाजारातली साधी मेथी तीन पाण्यांनी धुऊन, लसणाची फोडणी देऊन, वर लिंबू पिळून रोज खाऊ द्या. लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालू ठेवा, आणि त्या चहासोबत घेऊ नयेत हे तिला आवर्जून सांगा.